नमुन्याचं केळं

आमच्या कारखान्यात खोटी फळं तयार होतात. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण कशाला?" जशी काही मीच त्यांना ती घ्यायला लावणार आहे. फर्निचरच्या दुकानात जेवणाच्या टेबलावर फळांनी भरलेला वाडगा असतो ना, तो आमचा. हॉटेलात शिरल्या शिरल्या काउंटरवर कधीच न संपणारी संत्री दिसतात, तीही आमचीच. साचे तळघरात भरतात, देठ मागच्या खोलीत बसवतात, आणि रंग आम्ही चौघी वरच्या मजल्यावर देतो, कारण उजेड तिथेच बरा आहे. मी त्या टेबलाची मुख्य. अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या कलिंगडाच्या फोडीवर एकदा माशी येऊन बसली होती आणि चांगली पाच मिनिटं उठली नव्हती, एवढं सांगितलं की पुरे.

माझ्या डाव्या हाताला माझी नणंद बसते. घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. कारखान्यातही तेच नाव पडलं. तिला मीच इथे लावून दिलं. तिचा हात चांगला आहे, पण हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही. उरलेल्या दोघींपैकी एक लिंबं करते आणि एक द्राक्षं, आणि दोघीही आपापल्या फळांच्या वळणावर गेल्या आहेत. एक कायम आंबट, दुसरी कायम कुणाला तरी लोंबकळलेली.

आमच्याकडे एक नियम आहे. आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी तो घालून दिला होता. खरं फळ समोर असल्याशिवाय खोट्याला ब्रश लावायचा नाही. त्या खऱ्या फळाला आम्ही नमुना म्हणतो. नमुना टेबलाच्या मधोमध पांढऱ्या बशीत ठेवतात. नमुना नसेल तर त्या फळाचं काम त्या दिवसापुरतं बंद, दुसरं काहीतरी हाती घ्यायचं. एका फळाचा दिवसाला नमुना एकच मिळतो. या नियमापायी मी स्वतः एका मुलीला घरी पाठवलं आहे. तिने डाळिंब आठवणीवर रंगवलं होतं. वर मला म्हणे, "डाळिंब मला पाठ आहे." म्हटलं, मग घरी बसून म्हणत बस.

तर, फर्निचरच्या मोठ्या दुकानाकडून मागणी आली. त्यांच्या खूप शाखा, प्रत्येक शाखेत ढीगभर टेबलं. मालक वर येऊन म्हणाले, "सहाशे फण्या. केळ्याच्या."

अठ्ठावीस वर्षं मी केळं टाळत आले होते. लोकांना वाटतं, अननस अवघड असेल, त्याला केवढे डोळे. छे. अननसाकडे नीट बघतो कोण? वर्षातून एकदा घरी येतो, तोही चिरलेला. ड्रॅगन फ्रूट तर मी निळं केलं तरी लोक मान डोलावतील. पण केळं! ते सगळ्यांनी आजच सकाळी हातात धरलेलं असतं. लहान मुलाला दात यायच्या आधी केळं ठाऊक होतं आणि म्हाताऱ्याचे दात गेल्यावरही तेच उरतं. घाईत, तापात, परीक्षेत, प्रवासात, सासू रुसली म्हणून, चूल पेटली नाही म्हणून, माणूस केळं खातो. इतक्या ओळखीच्या तोंडाचं चित्र काढायला बसणं म्हणजे फजिती मागून घेणंच.

"जमेल का?" मालकांनी विचारलं. मग घसा खाकरून म्हणाले, "कारण ते रंग फवारायचं यंत्र दाखवायला माणूस येऊन गेलाय. शनिवारी दुकानाच्या खरेदीवाल्या बाई येतील. त्यांना हातची फणी पसंत पडली, तर टेबल आहे तसं चालू. नाही पडली, तर मला यंत्र घ्यावं लागेल. मग चौघींना मी काय काम देऊ, तुम्हीच सांगा."

मालक वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते. लिंबूवालीच्या घरी तिच्या एकटीच्या कमाईवर पाच माणसं जेवतात आणि धाकटीचा नवरा वर्षभर घरीच आहे. मी म्हटलं, "जमेल." दुसरं काय म्हणणार?

सोमवारी मालकांनी बाजारातून पाच केळ्यांची एक फणी आणली आणि ऑफिसच्या कपाटात खिळ्याला टांगली. त्यातलं एक तोडून नमुना म्हणून माझ्या बशीत ठेवलं. मी साच्यातून आलेली पाच पांढरी केळी पुढ्यात घेतली आणि पहिल्याला हात घातला. काय सांगू, पिवळा म्हणून जो रंग आपण म्हणतो तो केळ्यावर जवळजवळ नसतोच. कडेला हिरवट झाक, पोटाला दुधाळ, देठाकडे मातकट. नाकाचा शेंडा बशीला टेकेपर्यंत वाकून मी एक केळं पुरं केलं. दुसरं घ्यायला मान वर केली, तर बशी रिकामी.

"नमुना कुठाय?"

तिघींनी माना हलवल्या. लिंबूवाली म्हणाली, "असेल तिथेच." द्राक्षवालीने टेबलाखाली वाकून बघितलं, जसं केळं आपणहून उतरून गेलं असेल. अकरा वाजून गेले होते. नियम म्हणजे नियम. मी झालेलं केळं कागदात गुंडाळून वाळायच्या कपाटात ठेवलं आणि दिवसभर लिंबं रंगवली.

मंगळवारी दुसरा नमुना. मी दुसरं केळं पुरं केलं, मान वर केली, बशी रिकामी. आता मात्र माझं डोकं सणकलं. याच टेबलावर एकदा एक नासपती नऊ दिवस पडून होती, तिला कुणी बोट लावलं नव्हतं. स्ट्रॉबेरीलासुद्धा संध्याकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. केळ्यालाच काय झालं?

खरं तर त्यालाही कारण आहे, आणि ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. आमचे हात सकाळी नऊपासून रंगाने भरलेले असतात. नळ खाली अंगणात. आधी चिंधीने थिनर लावायचा, मग साबण, मग पुन्हा साबण, तरी वास जात नाही. एवढं करून घास तोंडात घालायचा तो जेवणाच्या सुट्टीत एकदाच. मधे भूक लागली तर बिस्किट नको, भाकरीचा तुकडा नको, सगळ्याला रंग लागतो. चालतं ते फक्त केळं. ते कसल्याही हाताने धरा, साल खाली ओढा, आतल्याला बोट न लावता खा, साल फेका. त्यामुळे आमच्या टेबलावर प्रत्येकीच्या पिशवीत रोज एखादं केळं असतंच आणि अकराच्या सुमाराला ते पोटात जातं. त्याला आम्ही खाणं म्हणतच नाही. "काही खाल्लंस का?" विचारलं तर आमच्यातली प्रत्येक जण "नाही गं" म्हणेल, साल हातात असताना.

म्हणूनच माझा संशय धाकटीवर गेला. ती माझ्या डावीकडे, बशी तिच्या हाताशी, आणि भुकेची ती लहानपणापासून कच्ची. बुधवारी तिसरा नमुना गेला तेव्हा मी सरळ तिच्याकडे वळले.

"अगं, तुला खायचंच असेल तर स्वतःचं आणत जा ना."

ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळे एवढाले. "मी? वहिनी, मी खाल्लं?"

"मग काय मी खाल्लं?"

तिने ब्रश उचलला आणि माझ्याकडे पाठ करून चेरीला देठाची रेघ मारत बसली. तिची ती पाठ बघून माझी खात्रीच पटली. रागाच्या भरात खाली जाऊन मालकांच्या कानावरही घातलं, की धाकटी नमुने खाते. सख्खी नणंद असली म्हणून काय झालं, मला टेबल सांभाळायचं आहे. त्या दिवशी आम्ही दोघी घरी एकाच रस्त्याने गेलो, ती या फुटपाथने, मी त्या.

गुरुवारी मी डोळ्यांत तेल घालून बसायचं ठरवलं. पण केळं रंगवायचं की बशी राखायची? चौथं केळं झालं आणि बशी रिकामी.

शुक्रवारी म्हटलं, आता कशी पकडते बघा. एक लांब सुतळी घेतली. तिचं एक टोक नमुन्याच्या देठाला करकचून बांधलं आणि दुसरं माझ्याच डाव्या मनगटाला. कुणी केळं ओढलं रे ओढलं की मला कळणार. लिंबूवाली म्हणाली, "आता फक्त घंटा बांधायची राहिली." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पाचवं, शेवटचं केळं हातात घेतलं. शुक्रवारचा नमुना अंगभर तपकिरी ठिपक्यांनी भरला होता आणि एका बाजूला त्याला दबल्याचा काळसर डाग होता. सगळ्यांत अवघड काम. मी एकेक ठिपका मारत गेले, कुठे दाट, कुठे विरळ, एकासारखा दुसरा नाही. सुतळीला कुणी ओढ दिली नाही. मनात म्हटलं, भ्यायली चोरटी.

शेवटचा ठिपका झाला. मी समाधानाने मान वर केली.

तिघीही ब्रश खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. खोलीत इतकी शांतता की मला काहीतरी चावल्याचा आवाज ऐकू आला. तो माझ्याच तोंडातून येत होता.

मी खाली बघितलं. माझ्या मनगटाला सुतळी होती, सुतळीला देठ होता, देठाला साल होती, आणि ती रिकामी साल माझ्या कोपराशी झुलत होती. तोंडात शेवटचा घास. गिळू की थुंकू मला कळेना. गिळला.

"वहिनी," धाकटी म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली. "गोड होतं का?"

"हे... हे रोज?"

"रोज. उजव्या हातात ब्रश असतो आणि तुझा डावा हात बशीकडे जातो. दाताने टोक धरून सोलतेस, खातेस, साल चिंध्यांच्या डब्यात टाकतेस. एकदासुद्धा बघत नाहीस."

"अगं मग सांगायचं नाही का?"

"सोमवारी, मंगळवारी मला वाटलं, तुला माहीत आहे, तू थट्टेने विचारतेस. आपण खातोय हे माणसाला काय दुसऱ्याने सांगायचं असतं? आणि बुधवारी तू माझ्यावर आळ घेतलास. तेव्हा ठरवलं, आता मेले तरी सांगणार नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मालकांना कधी सांगतेस?"

माझी मान वर होईना. "उद्याचं निभावू दे," मी म्हटलं. "बाई येऊन गेल्या की सांगते." भित्रेपणा होता तो, दुसरं नाव नाही.

आणि शिक्षा त्याच दुपारी झाली. वाळायच्या कपाटातून पाचही केळी काढली, कागद सोडले आणि देठवाल्याने ती एका फणीत बसवली. आम्ही चौघी बघायला जमलो. सोमवारचं केळं टोकांना हिरवं होतं. मंगळवारच्याला देठाशी हिरवी रेघ. बुधवारचं लख्ख पिवळं. गुरुवारच्याला तुरळक ठिपके आले होते, आणि शुक्रवारचं पिकून म्हातारं झालं होतं. प्रत्येक केळं समोरच्या नमुन्याबरहुकूम. नियम अगदी काटेकोर पाळला होता. फक्त नमुना रोज माझ्या पोटात गेल्यामुळे रोज एका दिवसाने जुनं केळं बशीत येत होतं, आणि एका फणीवर अख्खा आठवडा लटकला होता.

"एका घरातली पाच भावंडं वाटतात," द्राक्षवाली म्हणाली. ती समजूत घालत होती. पण केळी एका फणीत भावंडांसारखी नसतात. ती सगळी एकाच दिवशी पिकतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुन्हा पाच करायची तर नमुनाच शिल्लक नव्हता, आणि पाच रंगवून वाळवायला दिवसही उरला नव्हता. मी घरी जाऊन जेवले नाही.

शनिवारी खरेदीवाल्या बाई दहा वाजता आल्या. बारीक चणीच्या, टाचांचा टकटक आवाज करणाऱ्या, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात भिंग. कुठल्या तरी गावाहून पहाटे निघाल्या होत्या आणि इथून पुढे आणखी दोन कारखाने बघायचे होते. आमच्या फणीपुढे त्या उभ्या राहिल्या. भिंग लावलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "हे कच्चं, हे पिकलेलं, हे तर टाकायला झालेलं. एका फणीत? तुमच्या माणसांनी कधी केळं बघितलेलं नाही का?"

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते घाईघाईने म्हणाले, "मॅडम, त्याचं असं झालं, की टेबलावरची एक कामगार नमुने खात होती. त्यामुळे गोंधळ झाला. मी तिला आजच कमी करतोय." आणि त्यांनी धाकटीकडे बघितलं.

धाकटीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती अ‍ॅप्रनची गाठ सोडायला लागली.

"ती नव्हे," मी म्हटलं. "मी."

"तुम्ही?" मालक म्हणाले.

"नमुने मी खाल्ले. पाचही. आळ मी हिच्यावर घेतला. काढायचं तर मला काढा."

बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं. "पाच दिवस रोज तुम्ही खाल्लं, आणि एकदाही थांबावंसं वाटलं नाही?"

"मला कळलंच नाही, मॅडम."

"कळलं नाही?"

"नाही. शुक्रवारी मनगटाला बांधून ठेवलं होतं. तरी कळलं नाही."

"कमाल आहे तुमची!" बाईंचा आवाज चढला. "अहो, माणसाला आपण काय करतोय याची शुद्ध नको? समोर ठेवलेली वस्तू उचलायची, सोलायची, खायची, आणि म्हणे कळलं नाही! हात काय आपले आपण चालतात? मी इतकी वर्षं खरेदी करते, पण असलं कारण मला आजवर कुणी..."

कट्.

आवाज लहानसाच होता. बाई बोलायच्या थांबल्या. त्यांच्या डाव्या हातात केळं होतं. शुक्रवारचं. फणीतून तोडून त्यांनी ते कधी उचललं, ते आम्ही कुणीच बघितलं नव्हतं, कारण सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. अंगठ्याचं नख केळ्याच्या मानेत रुतवून त्यांनी देठ मागे वाकवला होता, आणि तो मोडून आतली तार बाहेर आली होती.

बाईंनी केळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा केळ्याकडे. त्यांचे कान लाल झाले.

"मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मालक छताकडे बघायला लागले. लिंबूवालीने तोंडात चिंधी कोंबली. धाकटीनेच काय ते भान राखलं. पिशवीतून आपलं केळं काढलं आणि बाईंपुढे धरलं. बाईंनी मोडकं केळं माझ्या हातात ठेवलं, तिचं घेतलं, उभ्या उभ्या सोललं आणि तीन घासांत संपवलं. साल कुठे टाकावी म्हणून इकडे तिकडे बघितलं, तेव्हा मी डबा पुढे केला.

"बाकीच्या चारांना मी हात लावला नाही," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वेगळा होता, स्वतःशीच हिशोब करत असल्यासारखा. "ते लख्ख पिवळं मधोमध होतं, तरी नाही. पिवळंधमक केळं बघितलं की वाटतं, उद्या खाऊ. हे बघितलं की वाटतं, आत्ताच." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. "सहाशे फण्या. सगळी केळी या वयाची. ठिपक्यांसकट."

"ठिपके यंत्राने आणखी झटपट होतील, मॅडम," मालक म्हणाले. या माणसाला कुठे काय बोलावं ते अजून कळत नाही.

"तुमचं यंत्र प्रत्येक केळ्यावर वेगळे ठिपके मारेल?"

यंत्रवाल्याने दाखवलेल्या शंभर सफरचंदांना एकाच जागी तोच एक डाग होता, हे मालकांनीच मला सांगितलं होतं.

"मग हातानेच करा," बाई म्हणाल्या आणि टकटक करत जिना उतरून गेल्या.

द्राक्षवाली माझ्या गळ्यात पडली. लिंबूवाली रडत होती, आणि रडताना पहिल्यांदाच गोड दिसत होती. धाकटीने सोडलेली गाठ पुन्हा मारली. मी तिला म्हटलं, "चुकले गं." ती म्हणाली, "चुकलीस ना? मग आठवडाभर चेरीचे देठ तू कर." मी कबूल झाले.

मालकांनी मोडकं केळं माझ्या हातातून घ्यायला हात पुढे केला. "द्या, नवीन देठ लावून वर रंगाचा हात मारून घेतो. फुकट कशाला घालवायचं?"

"हे मिळणार नाही," मी म्हटलं.

त्याच्या मानेवर नखाची खूण होती, बारीक, वाकडी, आत गेलेली. आमच्या फळांवर करणारीचं नाव नसतं. लोक त्यांच्याकडे बघतात, काही न वाटता पुढे जातात, आणि ते तसे गेले की आपलं काम नीट झालं असं आम्ही समजतो. अठ्ठावीस वर्षं मी तेवढ्यावर राहिले. कुणीतरी भुकेने हात घातला, हे पहिल्यांदा झालं होतं. मी त्या खुणेवर अंगठा ठेवला आणि मला रडू आलं.